निळ्या काठाचे विमान

अकोला,
रविवार, ता. ६ जानेवारी १९६३

तीर्थस्वरूप सुंदराबाई हिस,

धाकटा भाऊ देवराव याचा जयभीम. तुला आवडत नसेल तर नमस्कार समज; हात दोन्हीला सारखेच जोडावे लागतात.

आम्ही येथे बरे आहोत. तुझ्या भावजयीचा, मनकर्णेचा गुडघा थंडीत धरतो, ती एरंडाचे पान गरम करून बांधते आणि मला बोलते. एस.टी. डेपोत सध्या इंजिनांचे काम कमी आणि ब्रेकचे जास्त आहे. तुमच्याकडे भातकुलीला तूर कशी आहे? भाऊजींचा खोकला गेला का?

तुझे उत्तर येणार नाही हे धरूनच लिहितो आहे. आईच्या दहाव्याला तू मोर्णेच्या काठावरून उठलीस ती घरात पाय न ठेवता मोटारस्टँडवर गेलीस. त्याला वर्ष होऊन गेले. दिवाळीत मी अमरावतीपर्यंत आलो होतो, हे तुला माहीत नाही. भातकुलीची गाडी समोर उभी होती. कंडक्टरने दोनदा विचारले, "बसता का, मामा?" मी चहा प्यालो आणि अकोल्याच्या गाडीत बसलो.

असो. एक गंमत कळवतो. खुशालराव तुला आठवत असेल, जुन्या शहरात रेडिओ दुरुस्त करणारा. लढाईत तो पलटणीच्या बिनतारी खात्यात होता. त्याने आणि मी मिळून एक विमान केले आहे. खोटे नव्हे, उडणारे. पंख चार हात, पुढे मुठीत मावेल असे पेट्रोलचे इंजिन. ते त्याच्या पलटणीतल्या दोस्ताने मुंबईहून पार्सलने पाठवले. जमिनीवर एक पेटी, तिला पुरुषभर उंच काठी आणि एक बटन. बटन दाबले की विमानाच्या पोटातला छोटा रेडिओ ते ऐकतो आणि शेपटीचे सुकाणू टक् करून वळते. एकदा दाबले की डावीकडे, मग सरळ, मग उजवीकडे, पुन्हा सरळ. सुकाणू ओढायला आत रबराचा पीळ भरलेला असतो. सगळ्या परवानग्या मिळेपर्यंत आठ महिने गेले.

लाकूडकाम माझे. पांगाऱ्याचे हलके लाकूड आणि बांबूच्या कामट्या. वर पातळ कापड ताणून खळ दिली, वार्निश दिले. कापड घरातलेच होते, जुने.

सांगाडा झाला तेव्हा आई होती. तिने बाजेवरून हात लावून पाहिला आणि विचारले, "यात बसते कोन?"

मी म्हटले, "कोनीच नाही, माय."

"मंग रिकामं काऊन फिरवता रे? रिकाम्या जागी कोनीबी येऊन बसते."

खुशालराव आणि मी खूप हसलो होतो.

येत्या पंधरवड्यात उडवणार आहोत. कसे झाले ते कळवीन. आईच्या वेळची ती तार वाटेत कुठे राहिली याचा पत्ता अजून लागला नाही. भाऊजींनी तिथल्या पोस्टमनशी भांडण केले असे कानावर आले. आता ते सोडून द्यावे, असे त्यांना माझ्या वतीने सांग.

तुझा भाऊ,
देवराव पुंजाजी


अकोला,
बुधवार, ता. २३ जानेवारी १९६३

सुंदराबाईस सप्रेम जयभीम.

रविवारी विमान उडवले. त्यानंतर तीन दिवस मी कोणाशी नीट बोललो नाही. खुशालरावने दुकान उघडले नाही. झाले ते जसेच्या तसे लिहितो.

सकाळी आठला मोर्णेपलीकडच्या शेतात गेलो. कापूस निघून पऱ्हाट्या उपटलेल्या होत्या, शेत मोकळे होते. वारा नव्हता. खुशालराव खुशीत होता. म्हणाला, "देवराव, याले एस.टी. समजू नको. घंटी वाजवल्यावर थांबनार नाही हे."

पहिले उड्डाण फार चांगले झाले. गाडरस्त्यावरून धावले, उठले, खुशालरावच्या बटनाला हुकमी वळले आणि सात मिनिटांनी समोर येऊन बसले. माझ्या डोळ्यांत पाणी आले. आपल्या हातचे लाकूड आभाळात पाहणे ही वेगळीच गोष्ट आहे, बाई. बापाने बैलांमागे जन्म काढला, त्याला हे दाखवायला हवे होते.

पुन्हा पेट्रोल भरले. आठ मिनिटांचेच मावते. दुसऱ्यांदा ते उठले, थोडे उजवीकडे गेले, मग डावीकडे वळले आणि वळतच राहिले. मोठा फेरा घेत नदीकडे सरकू लागले. खुशालराव बटन दाबत होता.

"हे आपलं ऐकून नाही राहिलं," तो म्हणाला.

मला वाटले, इंजिनाच्या ठिणगीने आतला रेडिओ बिथरला असेल. तसे होते कधी कधी. मी तसे म्हटलेही. त्याने पेटी बंद केली आणि मागचे झाकण काढून बॅटरीची वायर तोडली.

"पाह्य. वायर हातात हाये माह्या. आता मी नाही चालवून राहिलो."

"मंग कोन चालवून राहिलं?"

तेवढ्यात विमान नेमके सरळ झाले. जरा गेले, उजवीकडे वळून सरळ झाले आणि पुन्हा डावीकडे वळले. बिथरलेले सुकाणू असे मोजून वळत नाही.

आम्ही नदीकडे पळालो. काठावरचा तो मोठा कडुनिंब तुला माहीत आहे. त्याच्याभोवती ते फिरत होते. खालून पाहताना पंखाच्या कडेची निळी रेघ उन्हात दिसायची आणि नाहीशी व्हायची. निंबावर कावळे होते, चाळीस-पन्नास तरी. एरवी घार आली तरी कावळे केवढा कालवा करतात. इंजिन डोक्यावर ओरडत होते आणि एकही कावळा हलला नाही.

मी घड्याळ पाहिले. सतरा मिनिटे झाली होती. एकोणिसाव्या मिनिटाला इंजिन बंद पडले. पंखा थांबलेला दिसला. तरी ते खाली येईना. आवाजाशिवाय आणखी तीन फेरे झाले, मग ते उतरले. आदळले नाही. म्हातारे माणूस गुडघ्यावर हात ठेवून बसते, तसे हळू बसले.

कुठे बसले ते तुला सांगायला नको. त्या सपाट दगडावर, जिथे दहाव्याला तू आईचे पान मांडले होतेस.

आणि मग कावळे उतरले. त्या दिवशी तासभर उतरले नव्हते ते. सगळे जमिनीवर आले, दगडाभोवती गोल बसले, आणि विमानाला एकानेही चोच लावली नाही. मी पुढे गेलो तर बाजूलाही सरकेनात. मी मध्ये उभा, भोवती कावळे, आणि सगळे जण कोणी काही बोलायची वाट पाहत असल्यासारखे गप्प.

खुशालराव काठावरच थांबला होता. तो हिंदू, हे सगळे मानणारा. तिथूनच म्हणाला, "देवराव, काही बोलायचं राह्यलं असंन तर बोलून टाक, बाबा."

मी काहीतरी पुटपुटलो. कावळे एकदम उठले आणि नदीपार गेले.

आपण हे मानत नाही. नागपूरला शपथ घेतली तेव्हा पिंड, श्राद्ध, कावळा सगळे सोडले. वर चढणारी गरम हवा पंखांखालून उचलून धरते, असे खुशालरावने नंतर मला आणि स्वतःला समजावले. सकाळच्या थंडीत गरम हवा कुठली, हे मी विचारले नाही.

विमान घरी आणून आढ्याला टांगले आहे. सोमवारी संध्याकाळी दिवा लावताना त्याचे सुकाणू टक् करून वळले. रबराचा पीळ उरला असेल म्हणून मी रबर काढून ठेवले. काल दिवेलागणीला पुन्हा टक् झाले. मनकर्णा भाकरी थापत होती. तिचा हात थांबला, मग ती पुन्हा थापू लागली.

तुला घाबरवायचे नाही. कोणाला तरी सांगायचे होते.

तुझा भाऊ,
देवराव


अकोला,
गुरुवार, ता. ७ फेब्रुवारी १९६३

बाई,

तुझे कार्ड सोमवारी आले. वर्षानंतर तुझे ते मोठे मोठे अक्षर पाहिले. एकच ओळ आहे: "आईनं जाताना माझं नाव घेतलं होतं का, एवढंच कळव."

चार दिवस कार्ड खिशात घेऊन हिंडलो. आता लिहितो.

घेतले होते. तुझेच घेतले होते, दुसऱ्या कोणाचे नाही.

११ डिसेंबरला सकाळी ती म्हणाली, "देवा, सुंदराले बोलाव. तिच्याशी बोलल्याबिगर मले जाता येत नाही." मी तार ऑफिसात गेलो. फॉर्म घेतला, खिडकीजवळ उभा राहून लिहिला. आत यंत्र टक् टक् वाजत होते. पाकीट घरी राहिले होते. ते आणायला निघालो, वाटेत खुशालरावचे दुकान. तो बाहेर येऊन ओरडला, "देवराव, इंजिन आलं!" मी पाच मिनिटे म्हणून आत गेलो. पेटी फोडली, इंजिन लाकडावर आवळले, पेट्रोल घातले. ते सुरू होईना. मी मेकॅनिक, माझ्यासमोर इंजिन सुरू होत नाही म्हणजे काय? ते सुरू झाले तेव्हा दिवे लागले होते आणि खिडकी बंद झाली होती.

घरी आलो. आईने विचारले, "देवा, तार केली का रे?"

"केली वो माय."

उद्या सकाळी करू, म्हणजे खोटे खरे होईल, असे मनात धरले होते. सकाळी तिला बरे वाटत होते, पेज प्याली. मला वाटले, उगाच कशाला तुला धावपळ. तिने त्या दिवशी चार वेळा विचारले. मी चारही वेळा तेच सांगितले. दारावर गाडीची चाहूल आली की ती मान वळवायची. तेराव्या तारखेला पहाटे गेली. तोंड दाराकडे होते.

ती गेल्याचे कार्ड मिळून तू आलीस आणि रडत म्हणालीस, "तार काऊन नाही केली रे?" तेव्हाही मी म्हटले, केली होती, वाटेत राहिली. तिथला पोस्टमन भाऊजींच्या शिव्या खाऊन गेला. त्याचा काही दोष नव्हता.

आता दहाव्याचे. तू हट्टाने पान मांडलेस, मी अडवले नाही. तासभर कावळा शिवला नाही. लोक विचारू लागले, "बोल रे देवराव, म्हातारीचं काय राह्यलं? कबूल कर, म्हंजे शिवंन." काय राहिले ते त्या काठावर मला एकट्याला माहीत होते. मी पान उचलून नदीत उलटे केले आणि म्हणालो, "आपण हे सोडलं हाये." लोकांना वाटले, धम्माचा पक्का माणूस. तेव्हापासून विहारात मला पुढे बसवतात. मी सगळ्यांना पंचशील सांगतो, चौथ्या शीलापाशी, खोटे न बोलण्याच्या, माझा आवाज बसतो. लोक म्हणतात, देवरावला भरून येते.

मी धम्मासाठी पान उलटवले नाही, बाई. भ्यालो होतो. धम्माच्या आड लपलो. कोणाला दुखावले हे मोजायला बसलो तर तू, आई आणि तो धम्म, तिघांची नावे येतात.

अजून एक. तू आईचे निळ्या काठाचे लुगडे मागितले होतेस, अमरावतीहून तूच आणलेले. सगळे कपडे देऊन टाकले असे मी सांगितले. ते दिले नव्हते. खुशालरावला पातळ, घट्ट विणीचे कापड हवे होते. विमानाच्या पंखांवर ते लुगडे आहे. आता वार्निशने ताठ झाले आहे, निघणार नाही.

आणि दगडापाशी मी काय पुटपुटलो, ते मागच्या पत्रात टाळले. कावळे गप्प बसले होते, ते कापड उन्हात होते, आणि मला खरे बोलायची संधी होती. माझ्या तोंडून आले, "माय, तार केली होती."

सवय झालेली जीभ. म्हणूनच ते उठून गेले.

पान मांडू असे मी म्हणणार नाही. शपथ घेतली आहे आणि निदान ती तरी मोडायची नाही. पण तू ये. सतरा तारखेच्या रविवारी सकाळी त्या दगडापाशी मी उभा राहीन. वस्तीतल्या लोकांना आणि विहारातल्या मंडळींना यायला सांगितले आहे. कशाला ते सांगितलेले नाही. त्यांच्यासमोर बोलेन. तू आली नाहीस तरी बोलेन, पण ते आईला पुरेल असे मला वाटत नाही. तिला तुझ्याशी बोलायचे होते. मधला निरोप मी अडवून ठेवला आहे.

भाऊजींनी माझे तोंड पाहायचे नाही म्हटले तर रागावू नकोस. पोस्टमनचे नाव कळव, त्याला वेगळे पत्र लिहितो.

तारेचा तो फॉर्म सोबत ठेवला आहे. कोटाच्या आतल्या खिशात होता, घडीवर फाटला आहे. अक्षर माझेच: "आई बोलावते. लगेच ये." तारीख ११ डिसेंबर १९६१. चौदा महिने उशीर झाला. मिळाल्याचे कळव.

दिवेलागण झाली. हे लिहिताना वर आढ्याजवळ दोनदा टक् झाले. मी मान वर केली नाही. आता पाकीट बंद करून पोस्टात टाकायला जातो. खुशालरावचे दुकान वाटेतच आहे, पण त्याने आत बोलावले तरी थांबणार नाही.

तुझा,
देवा