पिस्ता रंगाचं छप्पर

भावजी,

आई उठल्या की टीव्ही लावू देऊ नका. रिमोटमधले सेल मी काढून घेतलेत, संपले म्हणा. वादळाच्या बातम्यांत आत्ता आपला धक्का दाखवत होते. एका बोटीच्या केबिनचं छप्पर पाण्यात आपटत होतं, पिस्ता रंगाचं. स्वयंपाकघराचा उरलेला रंग तुम्हीच दोघा भावांनी बोटीला फासला होता ना? मी किती हसले होते! आई तो रंग लगेच ओळखतील.

तुमचे दादा सकाळी बोट घट्ट बांधायला गेले, ते आलेच नाहीत. मी धक्क्यावर चाललेय. ओरडायचं ते नंतर ओरडा, पण आईंना सोडून मागे येऊ नका.

दादांचा फोन कुणी उचलत नाही. पण वाजतोय. वाजतोय म्हणजे कोरडा असेल ना, भावजी?

वहिनी