शिकागो माझं होतं

२१ एप्रिल
हमालांचा मुकादम रामभाऊ आला. १ मेच्या भाषणाचं सांगायला दरवर्षी येतो. कॉलेजातून रिटायर झालो तरी शिकागोचे मजूर, आठ तासांचा संप, त्या फाशा, हे वाशीमच्या मार्केट यार्डात सांगायचं ते मीच. यंदा म्हणाला, "सर, भाषन शोभाबाई करनार हाये. तुमी अध्यक्ष." अध्यक्ष म्हणजे हार घालून घ्यायचा आणि गप्प बसायचं.
शोभा यार्डात सोयाबीन चाळते, सांडलेलं झाडते. शिक्षण सातवी. शिकागो तिने माझ्याच तोंडून ऐकलंय.

२४ एप्रिल
सहज यार्डात गेलो. सहज कसला. शेडमागे ती चाळणीवाल्या बायकांपुढे सराव करत होती. वाक्यं माझीच. "आठ घंटे काम, आठ घंटे झोप, आठ घंटे आपले. ते आपले आठ घंटे कुठी गेले वं?" सगळ्या हसल्या. मला इतक्या वर्षांत एकदाही हसवता आलं नाही. जळफळाट झाला. इथे तरी खरं लिहावं.

२७ एप्रिल
शोभा घरी. चहा नको म्हणाली. "सर, ज्याईले फाशी देल्ली, त्याईच्या बायकाईनं पुढं काय केलं?"
एकीने जन्मभर सभा घेतल्या, पोलिसांनी अडवलं तरी. पुस्तकात खूण घालून ठेवलीय. पण तेही हिलाच द्यायचं म्हणजे...
म्हणालो, "नोंद नाही कुठे."
"बरं," म्हणून गेली.
फार बरं वाटलं नाही. थोडं वाटलं.

१ मे
झेंडावंदन उरकून यार्डात. शोभा शेवटी म्हणाली, "त्या बायकाईचं काय झालं, सरले इचारलं. एवढे शिकेल सर, त्याईले बी मालूम नाई. म्हंजे कोनी लिवलंच नाई. आपलं बी कोनी लिवत नाई. हमालाईले बिल्ला हाये, आमाले काहून नाई?"
चाळणीवाल्या एकेक करून उभ्या राहिल्या. रामभाऊसुद्धा. टाळ्या मीही वाजवल्या. अशी दाद मला कधी मिळाली नाही, आणि मिळाली ती माझ्या थापेला.

३ मे
सकाळीच शोभा. बायका बिल्ल्यासाठी बाजार समितीकडे अर्ज देणार, सोबत भाषण जोडणार. "सर, तुमचं अक्षर चांगलं हाये, लिवून द्या. थे बायकाईचं सोडू नका. त्याच्यानंच तं बाया उठल्या."
निम्मं झालंय. त्या वाक्यापाशी आलोय. तो कागद सारून ही डायरी ओढलीय. ती समोर बसलीय, तिला वाटतंय भाषणच लिहितोय; दोनदा विचारून झालं, "झालं का, सर?"