फक्त ताईला आलेला काढा

देगू, ४ ऑक्टोबर
ति. ह्वायोंगताईस, नारेचा सा. न.

बस वेळेवर पोहोचली. चुसॉकच्या सणाला सगळे तुझ्या बारीक कमरेबद्दलच बोलत होते. मावशीने तर मला विचारलं की ताई उतरवते ते सगळं तू अंगावर चढवतेस का. आणि आईने बनवून घेतलेला काढ्याच्या पिशव्यांचा खोका तुझ्याच गाडीत गेला. मला आजवर एक पिशवीही आलेली नाही.

नुसतं विचारते: वजन कसं उतरवलंस? जेवण अर्धं टाकून पोट धरून बसली होतीस, तेही मी पाहिलं.

लोभ सवडीने असावा.
नारे

जोन्जू, ९ ऑक्टोबर
चि. नारेस, आशीर्वाद आणि एक चिमटा.

जळकुटे! मी काहीच केलं नाही, वजन आपोआप उतरलं. जेवल्यावर पोटात पीळ पडतो, शाळेचा जिना चढताना धाप लागते. वय झालं गं. उन्हाळी सुट्टीपासून अधूनमधून शौचाला डांबरासारखं काळं होतं, पण आई म्हणते काढाच काळा, दुसरं काय होणार. दुर्बिणीची तपासणीही झाली, तोंडातून आणि खालून. दोन्ही स्वच्छ. तेव्हा इंजिनिअरबाई, गप्प बसा. हवा तर अर्धा काढा पाठवते.

माया आहेच, फणकारू नकोस.
ह्वायोंग

देगू, १२ ऑक्टोबर
ति. ताईस, नमस्कार.

काढा नको. तो पहिलाच खोका होता आणि चुसॉकला तुझ्या गाडीत गेला. मला पक्कं ठाऊक आहे, कारण मी जळत बघत होते. मग सुट्टीतलं काळं कशाचं? ते रक्त असू शकतं.

मी त्याच दुर्बिणी दुरुस्त करते. वरची जठराच्या थोडी पुढे जाते, खालची मोठ्या आतड्याशी संपते. मधलं कित्येक मीटर लहान आतडं कुणी पाहिलेलंच नाही. कारण साधंही असेल. पण वजन, पीळ, धाप आणि काळं एकत्र आलं की थांबायचं नसतं. रक्त तपासून घे आणि पोटाचा सीटी मागून घे. गिळायची कॅमेऱ्याची गोळी त्यानंतरच. आतडं अरुंद असेल तर ती अडकते.

रागावलीस तरी चालेल, पण जा.
नारे

जोन्जू, २० नोव्हेंबर
चि. नारेस, खाटेवरून आशीर्वाद.

लहान आतड्यातली गाठ काढली. कर्करोगच होता, पण बाहेर पसरलेला नाही. डॉक्टर म्हणाले, लवकर आलात. आई शेजारच्या बाकड्यावर झोपते, माझे केस विंचरते. जळ! काढा बंद झाला, म्हणून आईने नवा खोका तुझ्या नावाने धाडलाय.

तुझीच,
ह्वायोंग

देगू, २६ नोव्हेंबर
ति. ताईस, सा. न.

खोका मिळाला. काढा भयंकर कडू आहे. आई तिकडे आणि काढा इकडे, ही काही बरोबर वाटणी नव्हे. बरी हो, मग भांडू.

लोभ आहे, हेवाही आहे. दोन्हींसाठी तू हवीस.
नारे