दोन ठोके, मग तीन

बारिओ,
सप्टेंबरचा शेवट

प्रिय राडू,

हे पाकीट बघून तुझी सुपांग म्हणेल, "फोन असताना हा कागद कशाला?" तिला सांग, फोनवर मला फक्त "जेवलास का" आणि "पाऊस आहे का" एवढंच बोलता येतं. शिवाय ढग उतरले की इथला फोन मान टाकतो, हे तुला ठाऊक आहे. आता तुझ्याही मनात आलंच असेल, की अगान पुन्हा बोलावणार, रिनायच्या बाळाच्या सोहळ्याला ये म्हणणार. बरोबर ओळखलंस. बोलावणारच आहे. जोहोरच्या गोदीतून निवृत्त होऊन इतके दिवस झाले तरी तुला गावी यायला सुट्टी कशी मिळत नाही, हे मला अजून कळलेलं नाही. पण या वेळी नाही म्हणायच्या आधी शेवटपर्यंत वाच. मध्यंतरी मी मरता मरता वाचलोय, आणि अशा माणसाचं एवढं तरी ऐकावं.

सगळं त्या सोहळ्यापायीच झालं. पहिली नात, म्हणजे रिनाय आणि जावई लुकास यांना आई-बापाची नवी नावं मिळणार, मला आणि सिगांगला आजी-आजोबांची. आख्खा डोंगर जेवायला येणार. रिनाय म्हणाली, पाळलेली डुकरं विकत आणू, एक म्हैस कापू, झालं. मी हट्टाला पेटलो. माझ्या नातीच्या सोहळ्यात पानात गुंडाळलेल्या भाताबरोबर रानडुकराचा एक तरी तुकडा प्रत्येकाच्या वाट्याला आला पाहिजे, म्हटलं. डुकरांच्या त्या रोगाच्या साथीनंतर रानात ती उरलीत किती, हे मलाही माहीत होतं. सिगांग म्हणाली, "नातीसाठी नाही, स्वतःच्या मिशीसाठी निघालाय." आता मला मिशी कुठे आहे? पण तिचं बोलणं तसं खरंच होतं.

लुकासला बरोबर घेतलं. पोरगा खाली नदीकाठच्या इबान लोकांतला, अंगाने म्हशीएवढा, आणि तोंड क्षणभर मिटत नाही. त्याच्याबरोबर शिकार करायची म्हणजे रेडिओ घेऊन दबा धरायचा. म्हणून त्याला पाठीवरचा वेताचा हारा देऊन ओढ्यावर बसवलं आणि म्हटलं, "भात शिजव, मासे धर, मी बोलावलं की ये." मी एकटा वर चढलो. आपल्या त्या चढाला, राडू, जिथे ओकाची फळं सांडतात. तिथे जायचं म्हणजे मला दर वेळी तुझी पाठ दिसते. तू नेहमी पुढे, अनवाणी, आणि जळू चावली की शिवी न देता नुसती फुंकर मारायचास. तेव्हा आपल्याकडे दोघांत मिळून एक भाला होता आणि तुझ्या काकांनी लपवून ठेवलेली बंदूक, जिला आपण रोज लांबून बघून यायचो.

त्या जागेवरच तू पहिलं डुक्कर मारलंस. मी पलीकडच्या सोंडेवर वाट चुकून रडायच्या बेतात होतो, तू भाल्यानिशी त्याच्या उरावर बसलेला, आणि ते तुझ्याने हलेना. हाक मारायची सोय नव्हती. रानात माणसाचं नाव मोठ्याने घ्यायचं नाही, नको ते ऐकतं, असं म्हातारे सांगायचे. आपण चर्चमध्ये जाणारी पोरं, तरी ते भय काही गेलं नव्हतं. मग तू कोयत्याची पाठ घेतलीस आणि झाडाच्या त्या फळीसारख्या उभ्या मुळावर बडवायला लागलास. दोन ठोके, थांबून तीन. मी आवाजावर आलो. तू म्हणालास, "याचा अर्थ असा, की मांस जड आहे, टोपली घेऊन ये." अर्थ तू त्या क्षणी बनवला होतास, मला काय कळत नव्हतं? पण पुढे वर्षानुवर्षं आपण तेच वाजवलं. तुझे काका ओरडायचे, "शिकार करताय की लग्नाचा ढोल वाजवताय?" तू गेल्यावर त्या मुळावर वाजवायला कुणी राहिलं नव्हतं. लुकास घरात आला तेव्हा त्याला शिकवलं, दुसरं काय शिकवायचं सुचेना म्हणून.

तर त्या दिवशी डुक्कर आलं. म्हातारा दाढीवाला नर, एकटाच, अगदी समोर. मी बंदूक उचलली आणि डावा हात खाली आला. उचलतोय, आणि तो येतोच खाली. जबडा दुखायला लागला, मला वाटलं दाढ. मग ओझ्याचा पट्टा कपाळावरून घसरून छातीवर आवळला जावा तसं झालं, आणि दरदरून घाम. आदल्या रात्रीचं धुरातलं मांस बाधलं, असंच मी धरून चाललो होतो. बसायला गेलो तो आडवाच झालो, आणि बंदूक उतारावरून घरंगळत गेली खाली. ते डुक्कर, राडू, माझ्याकडे एकदा बघून पुन्हा फळं खायला लागलं. इतक्या वर्षांच्या शिकाऱ्याचा एवढा अपमान कुणी केला नसेल. तोंडातून आवाज फुटत नव्हता. कमरेचा कोयता तेवढा हाताला लागला, आणि डोक्याशी ते मूळ होतं.

लुकासने ठोके ऐकले आणि खूश झाला. सासऱ्याने डुक्कर पाडलं म्हणून हारा पाठीला लावून, मिठाची पुडी खिशात टाकून, गाणं म्हणत वर आला. "बाबा, डुक्कर कुठंय?" म्हणाला. मी बोट माझ्याकडे केलं. त्याचं ते तोंड उघडं राहिलेलं आणि त्यातून काही येत नाही, असं मी एकदाच पाहिलंय. साधी हाक ऐकली असती तर तो हात हलवत आला असता. डुकरासाठी आला म्हणून हारा होता, दोर होता. त्याने हाऱ्याची एक बाजू कोयत्याने फाडली, मला पाठीला पाठ लावून आत बसवलं, बांधलं आणि निघाला. मी आकाशाकडे तोंड करून मागे मागे घरी चाललो होतो. मला झोप येऊ नये म्हणून तो सारखा प्रश्न विचारी. "बाबा, हे ठोके कुणी शोधले? बाबा, बोला, नाहीतर टाकून देईन इथेच." मग मी तुझ्याबद्दल सांगत राहिलो. म्हशींच्या वाटेला लागेपर्यंत तुझं सगळं बालपण त्याच्या पाठीमागून सांगून झालं होतं. जावयाला आता तुझ्या सगळ्या खोड्या माहीत आहेत, भेटलास की काढेलच.

दवाखान्यात गोळ्या चावायला दिल्या, ढग फाटले, हेलिकॉप्टर आलं, खाली मिरी शहरातल्या इस्पितळात नेलं. हृदयाच्या नळ्यांत दोन जाळ्या बसवल्या. डॉक्टरीण चिनी पोरगी, आपल्या रिनायपेक्षा लहान. म्हणाली, "अंकल, थोडा उशीर झाला असता तर मी काही करू शकले नसते." तुला तेव्हा कळवलं नाही म्हणून रागावू नकोस. मागून उघड्या झग्यात तुझ्यासमोर पडून राहायची माझी तयारी नव्हती. तिथली नर्स सकाळी "अगान, अगान" म्हणून पुकारायची, कारण ओळखपत्रावर तेच आहे, आणि मी कोणतं पोर हरवलंय म्हणून मान वळवून बघायचो. इतक्या वर्षांत त्या नावाने मला तुझ्याशिवाय कुणी हाक मारलेली नाही. तिला समजावलं, की बाई, आमच्याकडे पहिलं मूल झालं की माणसाचं नाव बदलतं, मी तेव्हापासून मारान तागुंग आहे, आणि नातवंडाच्या सोहळ्यात तेही जाणार. ती म्हणाली, "आणि ज्यांना मूलच होत नाही ते?" मी म्हटलं, औषध द्या.

तिला काय सांगणार होतो? रिनायच्या वेळी मला नाव मिळालं त्या सोहळ्यात म्हातारी मावशी माईकवर म्हणाली होती, "राडू, तुझी पाळी कधी? तुझं नाव वापरून वापरून झिजलं की रे." सगळे हसले. तूही हसलास, आणि हसत हसत पानातला भात तसाच पुन्हा गुंडाळलास. तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं, की सुपांग बहिणीचं बाळ आणायचं ठरवतेय. ते बाळ तुमच्या घरी आलं तेव्हा आपण दोघं ओकाच्या चढावर गेलो होतो, आठवतं? शिकार केलीच नाही. तू मुळावर बसून मला सांगितलंस, सोहळ्यात कोणतं नाव घेणार ते. आधी कुणाला सांगत नाहीत, पण तुला राहवेना. तू ते नाव दोन-तीनदा हळूच म्हणून पाहिलंस. मग बहिणीने बाळ परत नेलं, सोहळा झाला नाही, आणि भातकापणी आटोपताच तुम्ही दोघं विमानात बसलात. त्या बाळाबद्दल आपण आजवर एक शब्द बोललो नाही. मला ते फार लागलं होतं, राडू. अजून लागतं.

आता घरी आहे. सिगांग मला मीठ देत नाही, चरबी देत नाही, बंदुकीच्या खोलीला कुलूप लावलंय. सगळ्यांत जास्त काळजी तिला सोहळ्याची. कारण नावं पुकारल्यावर कुणाची हरकत आहे का विचारतात, आणि हरकत घेणारा म्हातारा म्हणून डोंगरभर माझी कीर्ती झालीय. मी उभा राहिलो की पोरं म्हणतात, "बसा हो, उठले परत." सिगांग म्हणते, "लोकांच्या नावांत तुम्हाला कशाला नाक खुपसायचं असतं?" एकदा मी म्हटलं, हे नाव माझ्या चुलत आजोबांचं होतं. एकदा म्हटलं, या नावाचा माणूस पुरात गेला. एका बिचाऱ्या मास्तराला तर सांगितलं, की हे नाव तुझ्या उंचीला शोभत नाही. तो अजून बोलत नाही माझ्याशी.

चुलत आजोबांचं नाव ते नव्हतं, आणि पुरात कुणी गेलं नव्हतं. दर वेळी पुकारलेलं नाव तुझं होतं, तू मुळावर बसून म्हटलेलं. दुसऱ्या कुणी ते घेतलं असतं तर मला सहन झालं नसतं, एवढंच. त्या झाडाखाली पडलो तेव्हा मला सिगांग आठवायला हवी होती, देव आठवायला हवा होता. मला आठवलं, की हे नाव राखून ठेवलंय ते माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही, मी गेलो तर पुढच्याच सोहळ्यात कुणीतरी घेऊन जाईल. म्हणून इतक्या जोराने बडवलं. हे मी परवा रिनायला सांगितलं, आणि ती रडली. मग जाऊन वडीलधाऱ्यांपुढे बसली, तुलाही आजोबाचं नाव द्या म्हणून. ते म्हणाले, बाप न होता आजोबा कसं होता येईल? ती म्हणाली, "त्यांच्या ठोक्यांमुळे माझ्या मुलीला एक आजोबा उरलाय. तिला आजोबा किती, ते मी सांगणार." मग त्यांनी मान्य केलं. तर राडू, तुला जेवायला बोलावत नाहीये. डिसेंबरात, शाळांना सुट्टी लागली की, तू आणि सुपांग आमच्या शेजारी उभे राहायला या. सुपांगने तिचं नवं नाव तिकडेच ठरवून यावं. तुझं मी इथे लिहीत नाही, ते पहिल्यांदा मोठ्याने पुकारतील तेव्हा तू समोर असायला हवास. हरकत आहे का, असं विचारतील. सगळे माझ्याकडे बघतील. मी बसून राहीन.

तुझाच, डिसेंबरपर्यंत तरी,
अगान