पाऊस यायच्या आत

जामखेड तालुका, भाद्रपद १९७२

प्रिय गोरख,

तुझी खुशाली नंतर विचारीन. आधी माझा राग ऐक, कारण तो तुझ्यावरच आहे.

बुधवारी रेडिओवर तुझं भाषण झालं. चावडीपुढं सारा गाव जमला होता. भिमाजी कुंभाराचा लेक पुण्याहून हवामानावर बोलणार म्हणून आबा नवा पटका बांधून पुढंच बसले. काय गोड बोललास रे! जगभरचा कारखान्यांचा, मोटारींचा धूर, माणसानं उडवलेली धूळ हवेत तरंगत राहते, ऊन अडवते, त्यानं हवामान बिघडू शकतं. कण फार झाले की ढगातलं पाणी इतक्या जणांत वाटलं जातं, की एकही थेंब पडण्याइतका जड होत नाही. मला आईच आठवली. पीठ तेवढंच आणि पाहुणे वाढले की ती अशाच इवल्या भाकरी थापायची. इथवर ठीक होतं. पण उदाहरणाला तुला सारं जग सोडून वीटभट्टीच सापडली? लहानपणी आमच्या भट्टीच्या धुरानं डोळे चुरचुरायचे, असं कौतुकानं सांगितलंस. आबा मान डोलवत होते. मागच्यांनी एकमेकांकडं पाहिलं, ते मी पाहिलं.

कुंभार भट्टी लावून पाऊस बांधतो, हा आळ आपल्या घराला नवा आहे का? कच्च्या विटा भिजू नयेत म्हणून म्हणे आपण ढग परतवतो! आईला पाणवठ्यावर किती टोमणे बसायचे, विसरलास? अडाण्यांच्या गप्पा म्हणून आबा हसून सोडून द्यायचे. आता त्याच गप्पेवर शिकलेल्या माणसाचा शिक्का बसला, तोही घरच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच रखमाजी पाटील माणसं घेऊन आला. भट्टी पेटलेली होती, उन्हाळ्यात ओढ्याच्या शेवटच्या पाण्यावर थापलेल्या विटांची. आणि त्यांनी ती कशानं विझवली, ऐक! टँकरच्या पाण्यानं! ज्या पाण्यापायी बायका एकमेकींच्या झिंज्या धरतात, ते हंड्यांनी भट्टीवर ओतलं. विटा ताडताड फुटल्या. आबा हात जोडून आडवे आले, तर रखमाजी म्हणतो, आमी न्हाई म्हनत, तुमचाच पोरगा म्हनतोय. तेव्हापासून आबा विझल्या भट्टीपाशी बसून आहेत. जेवायलाही उठत नाहीत.

मेल्यांनो, दुष्काळी कामावर दिवसभर खडी फोडता, ती धूळ कुणाची? मुंबईच्या गिरण्यांची धुराडी काय भिमाजी कुंभाराची? गोरख, एका भट्टीनं पाऊस अडत नाही, एवढं एक वाक्य बोलला असतास तर तुझी जीभ झिजली असती का? याच भट्टीवर तू शिकलास रे.

आता पत्राचं खरं कारण. कालपासून बीडच्या बाजूनं आभाळ भरून आलंय. माणसं दारात उभी राहून हात जोडतायत. माझे हात जुळत नाहीत. आज पाऊस पडला तर गाव म्हणेल, भट्टी विझवली म्हणून पडला. मग आपल्या दारात पुन्हा कुणी जाळ पेटू देणार नाही, तू आणखी दहा भाषणं केलीस तरी. म्हणून मिळेल त्या एस.टी.नं ये आणि चावडीपुढं उभा राहून ते राहिलेलं वाक्य बोल. साऱ्या तालुक्याच्या घशाला कोरड पडलीय आणि मी, कुंभाराची लेक, आभाळाकडं बघून म्हणतेय, थांब, आमचा गोरख येईपर्यंत पडू नकोस. लोक इतकी वर्षं घेत होते तो आळ तू माझ्या हातून खरा करून घेतलास.

तुझीच,
राहीअक्का