पूर्वेच्या कुंपणाजवळचा वाफा

२७ फेब्रुवारी, सकाळ

दादा,

सप्रेम नमस्कार. रीत म्हणून लिहिलंय. त्यात प्रेम किती, हे मोजायचं उपकरण आमच्या वर्कशॉपमध्ये नाही. आम्ही दोघं ठीक आहोत. तूही असशील.

थंडी ओसरली. आठवडाभर कामावर जाण्याआधी रोज दोन तास शेतात घालवते आहे. पाइप दोन ठिकाणी तडकले होते. आत पाणी राहून गोठलं. चूक माझीच, शेवटचा नळ उघडा ठेवायचा राहिला. लोकांचे पंप दुरुस्त करून पोट भरणाऱ्या बाईच्या घरी हे व्हावं, म्हणून बाबा खूश. "काय इंजिनीअरबाई, गावाचं पाणी तरी नीट चाललंय ना?" कुदळीचा दांडा शेजारच्या सुतारकाकांनी बदलून दिला. दांडा ठोकता ठोकता नेहमीचा प्रश्न: "भाऊ येणार होता ना तुझा? का अजून बुटाची नाडीच बांधतोय?" मी म्हटलं, "नाड्या लांब आहेत, काका."

वाटाण्याचं जुनं बी ओल्या फडक्यात गुंडाळून पाहिलं. वीसपैकी सतरा दाणे उगवले. दहा सेंटिमीटर खोलीवर मातीचं तापमान सात अंश. म्हणजे पेरायला हरकत नव्हती.

कुठे पेरायचं, त्याबद्दल हे पत्र आहे.

जाताना तू फाटकात उभा राहून म्हणालास, "वसंतात येतो. माझा वाफा तयार ठेवा." पूर्वेच्या कुंपणाजवळचा, चार मीटर रुंद, बारा लांब, ज्याच्यावर सकाळचं ऊन सगळ्यात आधी येतं तो. बाबांनी तो खणला, खत घातलं, खडे वेचले. तू आला नाहीस. बाबा दोन दिवस फाटकाजवळच्या दगडावर बसून राहिले, चहाही तिथेच मागवला. तिसऱ्या दिवशी मी त्यांना तुझं पत्र वाचून दाखवलं.

ते मी लिहिलं होतं. मोतीबिंदूमुळे बाबांना अक्षर दिसत नाही आणि ऑपरेशनचं नाव काढू देत नाहीत, त्यामुळे अवघड काहीच नव्हतं. "रजा मिळाली नाही. पुढच्या वसंतात नक्की. वाफा तीस सेंटिमीटर खोल खणून तसाच ठेवा."

एकदाच करायचं होतं. चार वर्षांत चार पत्रं झाली. दर वर्षी तुझा वाफा सगळ्यांत आधी तयार होतो आणि वर्षभर रिकामा राहतो. बाबांचे गुडघे वाकेनासे झाल्यापासून, म्हणजे दोन वर्षं, तो मीच खणते. माझा वाटाणा घराच्या उत्तरेकडच्या भिंतीच्या सावलीत, जिथे हातभर खाली खडक लागतो.

आणखी एक लिहून टाकते. तुझा पत्ता दोन वर्षांपासून माझ्याकडे आहे. तुझा मित्र बाजारात भेटला, त्याने न मागता दिला. "मजेत आहे की तो," म्हणाला. मी कागद टूलबॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवला. वापरला नाही. पत्रातला तू बरा होतास, म्हणून. तो शेवटी न चुकता विचारायचा, "धाकटी कशी आहे? तिच्यावर फार काम टाकू नका." ती ओळ मी दरवेळी जरा घाईने वाचायची.

परवा पाचवं पत्र वाचायला बसले. बाबा समोर बी निवडत होते, बोटांनी चाचपून. "मातीचं तापमान सात अंश झालं की..." इथपर्यंत आले आणि त्यांनी हात वर केला.

"मातीचं तापमान! त्याला स्वतःचा ताप मोजता येत नाही."

मी कागद मांडीवर ठेवला.

"पहिल्याच पत्रात कळलं होतं मला. तीस सेंटिमीटर म्हणे. तो आयुष्यात कधी वीतभर म्हणाला नाही."

"मग वाफा रिकामा का ठेवलात?"

"तू इतकं मन लावून लिहायचीस. वाटलं, हिलाच तो परत हवाय. असू दे."

चार वसंत, दादा. मी त्यांच्यासाठी, ते माझ्यासाठी. आणि त्या मातीत साधा मुळाही नाही.

मी विचारलं, "आणि तुम्हाला नकोय का तो?"

त्यांनी हातातलं ओंजळभर बी निवडून संपवलं. मग म्हणाले, "येईल तेव्हा येईल. पाय आहेत त्याला. पण तू सावलीत पेरतेस, ते आता बघवत नाही मला." मोतीबिंदू झालेला माणूस हे म्हणाला.

काल वाटाणा पेरला, तुझ्या वाफ्यात. आठ ओळी, दोन ओळींत पन्नास सेंटिमीटर. दोरीचं दुसरं टोक बाबांनी धरलं आणि दर ओळीला "वाकडी गेली" म्हणून ओरडले. एकही गेली नाही.

यायचं असेल तर ये. फाटकाची कडी जुनीच आहे, वर उचलून डावीकडे ढकलावी लागते. कुंपणाकडून उडी मारून येऊ नकोस, तिथे आता पेरलंय. यायचं नसेल तर तसं बाबांना दोन ओळींत कळव, तुझ्या हाताने. मी वाचून दाखवीन. जेवढं असेल तेवढंच, पदरचा एक शब्दही घालणार नाही. त्यात माझी चौकशी नसेल, तर नसेल.

तुझ्या नावाची सही चार वेळा केली. पाचवी राहिली, ती आता करायची नाही. खालची माझी आहे.

धाकटी