इकडची काडी तिकडे

देवपूर, धुळे
११ फेब्रुवारी २०२५

चि. प्रेमराज यास अनेक आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस. उचललास की लगेच मायकडे देतोस, आणि माय मला भरताच्या वांग्यांचा भाव विचारत बसते. म्हणून हे पत्र. शेजारचा बन्सीलाल उद्या धरणगावला येतोय, त्याच्या हाती देते.

जळगावच्या डॉक्टरांच्या कागदाचा तू पाठवलेला फोटो आमच्या नूतनने वाचून दाखवला. मायच्या मानेतली गाठ लिम्फोमाची, झपाट्याने वाढणारा कॅन्सर, हे मला कळलं होतं. पण पुढे लिहिलंय की रुग्ण दिवसभर अंथरुणात, आंघोळीलाही माणूस लागतं, म्हणून केमो नको, फक्त त्रास कमी करायच्या गोळ्या. नूतन म्हणते, तिच्या दवाखान्यात ऐंशीच्या माणसालाही कमी डोसची केमो देतात, फक्त तो हिंडता-फिरता हवा.

अरे, पंधरा दिवसांपूर्वी मी आले तेव्हा ही अंथरुणातली बाई गच्चीवर मिरच्या पसरत होती! मग डॉक्टरांनी तपासलं कुणाला?

दिपमालाला आशीर्वाद. उत्तर दे, नाहीतर मीच येऊन ठाण मांडीन. रागावले आहे, पण माया आहे तशीच आहे.

तुझी
कोकिळाअक्का


धरणगाव
१४ फेब्रुवारी

ती. अक्कास प्रेमराजचा शि. सा. न. वि. वि.

डॉक्टरांची चूक नाही, माझी आहे. फोनवर सांगायची लाज वाटते. कागदावरही वाटते, पण कागद आपल्या तोंडाकडे बघत नाही.

त्या दिवशी दिपमालाचे भाऊ पाचोऱ्याहून गाडी घेऊन आले होते. पितांबरभाऊ डॉक्टरांच्या खोलीत माझ्या शेजारीच बसले, माय तपासणीच्या खाटेवर पडून ऐकत होती. डॉक्टरांनी विचारलं, आजी घरात काय काय करतात? खरं काय ते तुला ठाऊक आहे. दिपमाला अंगणवाडीत, मी दुकानात. पाणी, भाकरी, धुणं, भांडी, सगळं माय करते. आता ऐंशीची माय सुनेच्या संसारात भांडी घासते, हे मी सुनेच्या भावासमोर सांगू? मी छाती काढून म्हणालो, आम्ही तिला इकडची काडी तिकडे करू देत नाही, आंघोळसुद्धा दिपमाला घालते. पितांबरभाऊंनी मान डोलावली आणि मला बरं वाटलं. डॉक्टर लिहून घेत होते. मला वाटलं, ही आपली ख्यालीखुशाली चाललीय.

शेवटी तिला केमो झेपणार नाही असं ते म्हणाले. जळगाव सुटायच्या आत मला सगळं उमगलं होतं, अक्का. पण गाडी मागे वळवा म्हणायला तोंड उघडलं नाही. तेव्हापासून रोज मायची गाठ पाहतो आणि दुकानात पळतो. फार नीच वागलो.

काय करू ते लिही.

तुझा
प्रेमराज


देवपूर
१६ फेब्रुवारी

चि. प्रेमराज यास आशीर्वाद.

काय करू म्हणून काय विचारतोस? गुरुवारी तिला परत ने. आणि पितांबरभाऊंना घेऊनच जा. ज्यांच्यासमोर बोललास, त्यांच्यासमोरच शब्द परत घे.

तुला बोल लावायला मी कुठली शहाणी? त्या मिरच्यांच्या दिवशी मी जिन्याखाली उभी राहून मायवर ओरडले, वर जाऊन तिच्या हातातली टोपली घेतली नाही. चहा प्याले आणि धुळ्याची गाडी पकडली. माझा कपही मायनेच विसळला. कागद ऐकल्यापासून तो कप डोळ्यांपुढून हलत नाही.

जाऊन आलास की कळव. वाट पाहते.

तुझी
अक्का


धरणगाव
८ मार्च

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

पितांबरभाऊंना घेऊन गेलो, दिपमालाही होती. या वेळी डॉक्टरांनी थेट मायलाच विचारलं. तिने एकदा पितांबरभाऊंकडे पाहिलं आणि ठसक्यात सांगितलं की मी काहीच नही करस, सून बठ्ठं हातमा देस. सगळं सून हातात आणून देते, हे माझं खोटं तिने माझ्यासाठी राखलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग मीच उभा राहिलो आणि पाण्यापासून मिरच्यांपर्यंत सगळं सांगितलं. दिपमालाने खाली मान घालून, हे खरं आहे म्हटलं. पितांबरभाऊ उठून बाहेर गेले. डॉक्टरांनी मायला खुर्चीतून उठून दारापर्यंत चालायला लावलं, घड्याळ पाहिलं, हृदयाची तपासणी करून घेतली. आधी आठवडाभर अंगात बळ यायच्या गोळ्या दिल्या आणि सोमवारी पहिली केमो, निम्म्याच्या आसपास डोसची. दर तीन आठवड्यांनी अशा सहा द्यायच्या आहेत. एकदा उलटी झाली, काल ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर मागून खाल्ली. पण मधल्या दिवसांत पोटातही गाठी झाल्यात. आधी आला असतात तर बरं झालं असतं, एवढंच डॉक्टर म्हणाले. हमी देत नाहीत.

दवाखान्यातून आल्यावर माय दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मला वाटलं, मी आधी खोटं बोललो त्याचा राग असेल. तिसऱ्या दिवशी म्हणाली की मना जीव गया तं गया, पन तुनं नाव काब्र खराब करं? तिला राग होता तो मी खरं बोलून माझं नाव का घालवलं याचा.

डॉक्टरांनी तिला चालतं-फिरतं ठेवायला सांगितलंय, म्हणून घरातलं हलकं काम ती करते. भांडी मात्र आता मी घासतो, दारापुढच्या नळावर. माय उंबऱ्यात बसून ती पुसते आणि सारखी म्हणते की आत बसून घास, लोक पाहतात.

माझी लायकी नसली तरी लोभ ठेव.

तुझा
प्रेमराज